पाच पाकळ्यांचा स्क्रू

आमचे हे एका मोठ्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात काउंटरवर बसतात. नाव दुरुस्ती केंद्र, पण तिथे दुरुस्त असं फारसं काही होत नाही. लोक बंद पडलेला लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून आणतात. हे तो उलटा करून बघतात, कडेवरून बोट फिरवतात आणि गंभीर चेहऱ्याने सांगतात, "हा उघडत नाही. नवीन घ्यावा लागेल." मेमरी वाढवायची म्हणाल तर ती आत कायमची सोल्डर केलेली. बॅटरी बदलायची म्हणाल तर ती चिकटवून टाकलेली. दिवसभर एवढं एकच वाक्य म्हणायचा यांना पगार मिळतो, आणि तो वेळेवर मिळतो, म्हणून मी त्या वाक्याला कधी नावं ठेवली नाहीत.

संध्याकाळी हाच माणूस घरी येतो, हातपाय धुतो, पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसतो आणि जे जे उघडत नाही ते ते उघडतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. आमचा पाषाण दिवसभर कोरडा असतो आणि घरी आला की त्याला पाझर फुटतो. मोडके लॅपटॉप, बिजागऱ्या, पंखे, पडदे, वायरींची भेंडोळी. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं सोडून सगळं सापडतं. एकदा साखरेच्या बरणीत स्क्रू निघाले. "हे टाकू का?" असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं: "नको, पुढे लागेल." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते 'पुढे' काही अजून आलेलं नाही.

मी शिवणकाम करते. आतल्या खोलीत माझं मशीन, बाहेरच्या खोलीत यांचं टेबल, आणि मधल्या दारातून दोघांचा कचरा एकमेकांच्या हद्दीत जातो. शाळेच्या मुलांचे कपडे शिवताना मी शिवणीत दोन बोटं माया सोडते. पोर वाढलं की शिवण उसवायची, कपडाही वाढतो. हे एकदा माझ्या हातातला फ्रॉक घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत बसले. मग म्हणाले, "बघ, तुला कळतं ते त्या कंपन्यांना कळत नाही. लॅपटॉप शिवताना त्यांनी माया सोडायचीच बंद केली." माझ्या कामाचं यांनी केलेलं हे एकमेव कौतुक, तेही कंपनीला शिव्या घालण्यासाठी.

दर रविवारी सकाळी यांचं मंडळ जमतं. मंडळ म्हणजे हे, एक दातांचे डॉक्टर आणि एक बसचे ड्रायव्हर. डॉक्टर येताना डोळ्याला लावायचं भिंग, छोटा आरसा आणि दात कोरायच्या आकड्या घेऊन येतात आणि बोर्डावरचं जुनं सोल्डर कीड काढावी तसं काढतात. त्या आकड्या दवाखान्यात परत जातात की नाही, हे मी कधी विचारलं नाही. माझे दात मी दुसरीकडे दाखवते. मंडळात नवीन कोणी आला की त्याने एक बंद वस्तू साध्या प्लसच्या स्क्रूड्रायव्हरने उघडायची आणि मोठ्याने म्हणायचं, "यंत्र ज्याचं, हक्क त्याचा." म्हणजे उघडायचं की बंद ठेवायचं, वाढवायचं की आहे तसं ठेवायचं, हे मालकाने ठरवायचं, कंपनीने नाही. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे पाच पाकळ्यांचा स्क्रू. कंपन्या मुद्दाम असा स्क्रू लावतात, त्याचा स्क्रूड्रायव्हर दुकानात सहज मिळत नाही. त्याचं नुसतं नाव निघालं तरी डॉक्टर भूल न देता दात उपटल्यासारखं तोंड करतात.

या तिघांनी ठरवलं की हौशी माणसाला हवा तसा वाढवता येणारा लॅपटॉप आपणच करायचा. हवा तो कप्पा उघडा, हवं ते बसवा, नको ते काढा. ड्रायव्हरदादांना त्यात रस्त्याचा नकाशा हवा होता, डॉक्टरांना सूक्ष्मदर्शक जोडायला जागा हवी होती, आणि यांना पुढे लागेल म्हणून सगळंच हवं होतं. पहिला नमुना झाला तेव्हा तो मांडीवर सोडाच, जेवणाच्या टेबलावरही मावेना. आठवडाभर आम्ही ताटं हातात धरून जेवलो. झाकण तर शेवटपर्यंत मिटलंच नाही. तिघंही त्याच्याभोवती उभे राहून म्हणाले, "कल्पना उत्तम आहे."

आमची मुलगी या सगळ्यात वाढली. लहानपणी तिने भिजलेला चमचा यांच्या एका उघड्या यंत्रात घातला आणि घरभर अंधार केला, तेव्हापासून तिचं नाव ठिणगी. रडली नाही, "पुन्हा करू?" म्हणाली. त्या दिवशी ही पोरगी यांच्या वळणावर गेली आणि मी सुटले. पुढे तिच्या एका खेळण्याला तो पाच पाकळ्यांचा स्क्रू निघाला, तेव्हा यांनी तिला आपली युक्ती शिकवली. संपलेल्या बॉलपेनचं टोक मेणबत्तीवर धरायचं, प्लॅस्टिक मऊ झालं की स्क्रूच्या डोक्यात दाबायचं, थंड होऊ द्यायचं आणि हळूच फिरवायचं. प्लॅस्टिकलाच स्क्रूचा आकार येतो. महिनाभर घरातल्या एकाही पेनाला धड शेपूट नव्हतं.

ठिणगी मोठी झाली आणि तिला लांबच्या गावी कॉलेजात प्रवेश मिळाला. पूल कसे बांधतात ते शिकायला. इतकं लांब की सकाळी बसमध्ये बसलं की दुसरी सकाळ बसमध्येच उजाडते. आम्हाला आनंद झाला. आनंदाच्या पोटात काय काय होतं ते आम्ही दोघांनीही एकमेकांना दाखवलं नाही.

तिला लॅपटॉप लागणार होता.

"मला वरच्या वकिलांच्या मुलाकडे आहे तसा हवा," ती म्हणाली. "पातळ. चंदेरी."

"तो उघडत नाही," हे म्हणाले.

"मला उघडायचाच नाहीये बाबा. मला त्यावर अभ्यास करायचाय."

पोरीने घरातून पळून जायचं जाहीर करावं तसा यांचा चेहरा झाला. जेवले, पण न बोलता जेवले. दुसऱ्या दिवशीही तेच. बाप अबोल झाला की कुठल्याही घरातली मुलगी फार वेळ टिकत नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "बरं, कर तू. पण माझ्या बॅगेत मावला पाहिजे, आणि मांडीवर घेतल्यावर मला उठता आलं पाहिजे."

मग काय, नवरदेवाच्या आईलाही नसेल एवढी घाई सुरू झाली. हे कामावरून पळत घरी यायचे. ठिणगी शेजारी बसायची, आधी उपकार केल्यासारखी, मग भान हरपून. कुठल्या जुन्या यंत्राची बिजागरी, कुठल्याचा कीबोर्ड. आयुष्यात पहिल्यांदा डब्यातल्या वस्तू 'पुढे' लागत होत्या. मंडळाने आपल्या सगळ्या मागण्या मागे घेतल्या. डॉक्टर म्हणाले, पोरीचा आहे, मिटला पाहिजे. चार कप्पे ठरले. एकात जादा बॅटरी, एकात डिस्क, एकात हवी ती सॉकेट बदलून बसवायची सोय, आणि चौथा रिकामा. सगळीकडे साधे प्लसचे स्क्रू. यंत्र झालं जाड, काळं आणि थोडं कुबड आलेलं, पण ते मिटत होतं. ठिणगी म्हणाली, "बाबा, हा लॅपटॉप कमी आणि डबा जास्त वाटतो." पण म्हणताना ती त्याच्यावरून हात फिरवत होती. मी त्याला जाड कापडाची पिशवी शिवली, माया सोडून.

तिच्या निघण्याच्या आदल्या दुपारी ती बादली आणि उशी आणायला बाजारात गेली होती. मी चहा घेऊन बाहेर आले, तर हे लॅपटॉप पालथा घालून त्यावर वाकलेले. मला बघून दचकले. दचकणारा नवरा बायकोच्या डोळ्यांतून सुटत नाही.

"हा स्क्रू इथे कसा?" मी विचारलं.

"कुठला?"

"अहो, मी सुईत दोरा ओवणारी बाई आहे. हा तो कंपनीचा. पाच पाकळ्यांचा."

"चौथ्या कप्प्याला लावतोय. एकच आहे."

"आणि तो काढायचा स्क्रूड्रायव्हर?"

यांनी टेबलाचा ड्रॉवर उघडून मला दाखवला आणि पटकन बंद केला.

"तो तिला देणार नाही?"

"कशाला? कप्पा रिकामाच आहे. पुढे कधी काही वाढवायचं झालं तर येईल की घरी. मी बसवून देईन." मग आवाज खाली करून म्हणाले, "डॉक्टरांना सांगू नकोस."

मला आधी हसू आलं आणि मग मी हातातला चहा तसाच टेबलावर ठेवून दिला. ज्या माणसाने उभ्या जन्मात दुसऱ्याचा बंद डबा सहन केला नाही, त्याने स्वतःच्या लेकीच्या यंत्राला कुलूप घातलं होतं. आत काही नसलेल्या कप्प्याला. पोरगी आता परतून कितीशी येणार, आपल्यावाचून तिचं कितीसं अडणार, ही भीती मलाही होतीच. फक्त माझ्याकडे लावायला स्क्रू नव्हता.

बस सुटायच्या आधी यांनी तिला एकदा सगळं समजावून सांगितलं, जे तिनेच निम्मं बांधलं होतं. शेवटी खिडकीला धरून म्हणाले, "बाकीचं सगळं तुझं तू उघड. चौथा कप्पा तेवढा राहू दे. तिथलं काम जरा नाजूक आहे. काही बसवायचं झालं तर घरी ये."

ठिणगीने लॅपटॉप पालथा केला, स्क्रूकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी.

"बरं," ती म्हणाली.

ती गेली आणि हे फोन जवळ घेऊन बसायला लागले. यांचा हिशेब सरळ होता. हाताने केलेलं यंत्र म्हणजे आज ना उद्या कुरकुरणारच. कुरकुरलं की पोरगी फोन करणार. "बाबा, हे चालत नाहीये." मग हे चष्मा लावून सांगणार, असं कर, तसं कर.

फोन आला नाही, फोटो आला. पंखा उघडून ठेवलेला, स्क्रू ओळीने मांडलेले. खाली लिहिलेलं, "आवाज करत होता. साफ करून लावला. आता मस्त." यांनी तो फोटो मला दाखवला, डॉक्टरांना दाखवला, बेल वाजवून शेजारी दाखवला. "बघा, स्क्रू कसे मांडलेत." छाती फुगलेली. मग गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले. पुढे बिजागरी सैल झाली, तिने घट्ट केली. कीबोर्डवर कोणीतरी कॉफी सांडली, तिने तो काढला, धुतला, वाळवला, बसवला. मैत्रिणींची यंत्रंही उघडायला लागली म्हणे. प्रत्येक वेळी काम झाल्यावर फोटो यायचा. आधी प्रश्न कधीच यायचा नाही.

आणि मला? मला रोज फोन. आई, शर्टाचं बटण तुटलं, कसं लावू? आई, पँटची शिवण उसवली. आई, या कापडाला इस्त्री चालते का? मी तिला कधी सुई हातात धरायला शिकवलं नाही. पोरगी बापाच्या वळणावर गेली म्हणून सोडून दिलं होतं, आणि तेच आता माझ्या कामी येत होतं. मी पलीकडून टाका टाका सांगायची आणि हे दारात उभे राहून ऐकायचे. "विचार, लॅपटॉप कसा आहे," म्हणायचे. मी विचारायची. "छान आहे म्हणते," मी सांगायची. "हं," म्हणून हे जायचे.

एकदा जिन्यात वरचे वकील भेटले. घामाघूम, वैतागलेले.

"काय सांगू तुम्हाला," ते म्हणाले. "पोरगा हॉस्टेलात, पण एक दिवस फोनशिवाय जात नाही. बाबा, तापतोय. बाबा, जागा भरली. बाबा, चार्ज होत नाही. गेल्या आठवड्यात तर ते यंत्र घेऊन स्वतःच घरी आला, शनिवार रविवार राहिला. तुमचं बरं आहे. तुमच्या मुलीची काही कटकट नाही."

"नाही ना," हे म्हणाले. "अजिबात नाही."

त्या रात्री यांना जेवण गेलं नाही.

रविवारी डॉक्टरांनी जखमेवर मीठ चोळलं, तेही कौतुक करत. "तुमचं यंत्र म्हणजे आपल्या मंडळाचा विजय आहे," ते म्हणाले. "उत्तम रचना कुठली? जिच्यात करणाऱ्याची पुन्हा गरज पडत नाही ती."

"अगदी बरोबर," हे म्हणाले, आणि हातातला पंखा उलटा बसवला.

मग हे चौथ्या कप्प्याच्या मागे लागले. त्यात बसतील अशा वस्तू करायला घेतल्या. एक हवेतला ओलावा मोजणारी, एक छोटा रेडिओ, एक नुसतंच लुकलुकणारं काहीतरी. एकेक करून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. फोनवर मध्येच घुसून विचारायचे, "जागा कमी पडत असेल ना? काही वाढवायचं का?" तिकडून उत्तर, "नाही रे बाबा, पुरतंय सगळं."

सुट्टी जवळ आली तसं यांनी टेबल आवरलं. मला वाटलं तब्येत बरी नाही. पण ठिणगीचा फोन आला की सुट्टीत ती तिकडेच राहणार, सरांबरोबर एका पुलाचं काम बघायला जायचंय. चांगली संधी होती. मी म्हटलं, जा. हे म्हणाले, "जा, जा, असं शिकायला कुठे मिळतं," आणि आवरलेल्या टेबलाशी नुसतेच बसून राहिले.

दोन दिवसांनी तिचा नेहमीचा फोन आला, जॅकेटची चेन अडकली म्हणून. चेनीचं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा काय करतोय?"

"ड्रॉवर उघडतात," मी म्हटलं. "आणि बंद करतात."

मी दुसरं काही बोलले नाही. खोटं तर मुळीच बोलले नाही. पलीकडून चेन वरखाली केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं, ठेवते."

त्याच आठवड्यात यांचा फोन वाजला. माझा नाही, यांचा.

"बाबा, चौथा कप्पा उघडायला लागणार आहे. मला जागा हवीये. खूप प्रयत्न केला, पण तो स्क्रू काही केल्या निघत नाही. पुलाचं काम सुरू व्हायच्या आधी चार दिवस येऊ का?"

हे फोनवर जरा अंग चोरून बोलले, काम आहे, पण बघू, काढू वेळ. फोन ठेवला आणि रजा मागायला धावले. लोकांना 'उघडत नाही' सांगणाऱ्या कंपनीकडून यांनी स्क्रू उघडायला रजा घेतली. आवरलेलं टेबल पुन्हा आवरलं. मला म्हणाले, "बघितलंस? म्हणून लावला होता."

ठिणगी आली. वाळली होती, केस कापले होते, शर्टाचं बटण निळं असताना दोरा लाल होता. मी ते बटण बघितलं आणि मला भरून आलं, कारण टाके मात्र मी सांगितले तसेच होते.

सकाळी न्हाणीघरात तिचा टूथब्रश दिसला. निळा, आणि मागचं टोक वितळून बसकं झालेलं. हॉस्टेलात पोरं चहाच्या शेगडीजवळ काय काय ठेवतात, मी मनात म्हटलं, आणि नवीन ब्रश आणायचं ठरवलं.

उघडण्याचा कार्यक्रम शनिवारी दुपारी ठेवला, कारण रविवारी मंडळ येणार होतं आणि डॉक्टरांच्या भिंगाखाली तो स्क्रू जाणं परवडणारं नव्हतं. हे टेबलाशी बसले. ठिणगी शेजारी. मी माझं काम घेऊन दारात. यांनी ड्रॉवर उघडला, स्क्रूड्रायव्हर काढला, रुमालाने पुसला आणि स्क्रूवर टेकवला. तो बसेना. पुन्हा टेकवला. निसटला.

"सुई दे जरा," मला म्हणाले.

मी सुई दिली. यांनी स्क्रूच्या डोक्यात ती घालून हळूच कोरलं. बारीकसा तुकडा निघून पांढऱ्या रुमालावर पडला. निळा. प्लॅस्टिकचा.

ठिणगी खिडकीबाहेर बघत होती. इतकं लक्ष देऊन की बाहेर काही असायला हवं होतं, पण बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

यांनी तो तुकडा बोटाच्या टोकावर घेतला. युक्ती यांचीच. शिकवली यांनीच. बघता बघता यांचे कान लाल झाले, आणि मग चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी हातातल्या कापडाकडे बघू लागले.

"धूळ जाते," हे शेवटी म्हणाले. "हॉस्टेलात धूळ फार."

"हो ना," ठिणगी म्हणाली. "फार धूळ."

स्क्रू निघाला. कप्पा उघडला. आत काही नव्हतं, यांनी ठेवलं होतं तसंच. ठिणगी वाकून बघत म्हणाली, "अय्या, केवढी जागा आहे!" नाटकात कधी भाग घेतला नाही ते बरंच झालं तिने.

"मुद्दाम ठेवली होती," हे म्हणाले. "बोल, काय बसवायचंय?"

आणि तिथे आमची हुशार पोरगी अडकली. दुसरी सकाळ बसमध्ये उजाडेल एवढं लांबून जागेसाठी आली, पण जागेत काय घालायचं ते ठरवायला विसरली. "ते... तू काय म्हणतोस?" ती म्हणाली.

यांनी बिस्किटाचा डबा काढला. बराच खल होऊन छोटा रेडिओ ठरला. पुलाच्या अभ्यासाला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. तो दोघांनी मिळून असा बसवला की दुपारची संध्याकाळ झाली, आणि पहिली खरखर ऐकू आली तेव्हा दोघं टाळ्या वाजवून हसली. मी न्हाणीघरात जाऊन तो ब्रश नीट बघितला. वितळलेल्या टोकावर पाच पाकळ्यांचं एवढंसं फूल उमटलं होतं.

परत आले तर कप्पा बंद करायची वेळ. यांनी पाच पाकळ्यांचा स्क्रू बाजूला सारला आणि डब्यातून साधा प्लसचा उचलला. बोलायचं होतं ते त्या स्क्रूतच होतं.

ठिणगीने यांचा हात धरला. "तो नको. आधीचाच लाव."

"अगं, पण उद्या डॉक्टर..."

"लाव तू, बाबा."

रविवारी डॉक्टर आले, ड्रायव्हरदादा आले. लॅपटॉप हातोहात फिरला, वाहवा झाली. डॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावलं, पालथा केला आणि थांबले. हे माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हा कोणी लावला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी लावायला सांगितला, काका," ठिणगी म्हणाली. "यंत्र ज्याचं, हक्क त्याचा. बरोबर ना? उघडायचं की बंद ठेवायचं, मालकाने ठरवायचं."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. त्यांचा मुलगा परदेशी असतो, हे मला तेव्हा आठवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी भिंग काढून खिशात ठेवलं.

"घट्ट बसलाय," ते म्हणाले. "चांगला आहे."

तर आता आमच्या घरात तिघांनाही सगळं ठाऊक आहे आणि कोणी कोणाला काही सांगितलेलं नाही. स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये आहे. वकिलांनी मुलाला नवा, आणखी पातळ लॅपटॉप घेतला, तोही तापतो.

निघायच्या दिवशी मी ठिणगीची बॅग भरत होते. तिच्यासाठी आणलेला नवा ब्रश आत ठेवला आणि तो जुना, वितळका, कचऱ्यात टाकायला उचलला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, रुमालात गुंडाळला आणि बॅगेच्या आतल्या खणात ठेवला.

"अगं, काय करायचाय तो?" मी म्हटलं.

"राहू दे आई," ती म्हणाली. "पुढे लागेल."